सेवेचा दर्जा आणि संवादाची मोकळीक : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

देशात पाचव्या पिढीची मोबाइल सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती पुण्यातही पोहोचली. या तंत्रात एकाच जाळ्याचे अनेक आभासी भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळा वेग, वेगळा विलंब आणि वेगळा भरवसा देता येतो. त्याला नेटवर्क स्लाइसिंग म्हणतात. रुग्णालयातील उपकरणासाठी, चाकणच्या कारखान्यातील यंत्रासाठी किंवा जास्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकासाठी असा भाग राखून ठेवावा का, आणि ठेवला तर उरलेल्यांच्या वाट्याला काय राहते, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला आहे. तंत्र नवे असले तरी प्रश्न जुना आहे, आणि तो सुटत नाही याचे एक कारण ‘दर्जा’ या शब्दातच आहे.

तारेचा काळ थोडक्यात सांगता येईल. १८८५च्या कायद्याने तारायंत्र चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला आणि सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी संदेश अडवण्याची मुभाही त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने दिली. सेवेचा परवाना देणारा आणि सेवा थांबवू शकणारा हात एकच, ही रचना तेव्हापासूनची आहे. पुढे ट्रंक कॉलच्या, म्हणजे एक्स्चेंजमार्फत लावायच्या परगावच्या कॉलच्या, जमान्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे वर्ग आले. अर्जंटला दुप्पट पैसे पडत, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त, आणि कोणाचा लाइटनिंग लागला की ऑर्डिनरीवाला रांगेत आणखी मागे जाई. आवाज किती स्वच्छ ऐकू येईल याच्याशी या वर्गांचा संबंध नव्हता. लाइटनिंगमध्येही तीच खरखर असे. वर्गाने ठरत होते ते एवढेच की आधी कोणी बोलायचे.

‘दर्जा’ हा मूळचा अरबी शब्द, आणि त्याचा अर्थ पायरी. मराठीत तो दोन अर्थांनी रुळला. कापडाचा, छपाईचा, हापूसचा दर्जा म्हणतो तेव्हा वस्तूचा कस अभिप्रेत असतो. एखाद्याला राज्यमंत्र्याचा दर्जा दिला म्हणतो तेव्हा इतरांच्या तुलनेतले त्याचे स्थान अभिप्रेत असते. पहिल्या अर्थाचा दर्जा सर्वांना एकाच वेळी लाभू शकतो, कारण शेजारच्या नळाला स्वच्छ पाणी आल्याने आपल्या नळाचे पाणी गढूळ होत नाही. दुसऱ्या अर्थाचा दर्जा मुळातच तुलनेतून येतो, आणि एकाला वरची पायरी मिळण्यासाठी कोणीतरी खालच्या पायरीवर असावे लागते. ‘गुणवत्ता’ हा संस्कृत शब्द घेतला तरी सुटका होत नाही. ‘गुणवत्ता यादी’ म्हटले की क्रमांकच डोळ्यांसमोर येतात. दूरसंचाराच्या अभियांत्रिकीतही नेमका हाच गुंता आहे. विलंब किती झाला, पॅकेटे म्हणजे माहितीचे छोटे तुकडे किती हरवले, कॉल किती तुटले, हे मोजणे म्हणजे सेवेचा दर्जा. आणि कोणत्या पॅकेटला आधी सोडायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेलाही त्याच नावाने ओळखले जाते. मोजमापाच्या अर्थाने सुरू झालेली चर्चा अग्रक्रमाच्या अर्थावर कधी घसरते, हे बैठकीत बसलेल्यांच्याही अनेकदा लक्षात येत नाही.

इंटरनेटच्या पायाभूत नियमावलीत, म्हणजे १९८१च्या दस्तऐवजात, ही दोन्ही अंगे शेजारी शेजारी आहेत. प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात सेवाप्रकारासाठी आठ बिटांची जागा ठेवली गेली. त्यांपैकी तीन बिट अग्रक्रमासाठी होते, तर पुढचे विलंब, प्रवाहक्षमता आणि विश्वासार्हता यांसाठी. आणि ही तिहेरी देवघेव आहे, एक वाढवले की दुसऱ्यात तडजोड येते, अशी कबुली त्या मजकुरातच आहे. प्रत्यक्षात खुल्या इंटरनेटवर या बिटांकडे बहुधा दुर्लक्षच झाले. जाळ्याने पॅकेट यथाशक्ती पुढे ढकलावे, हमी देऊ नये, चुका दोन्ही टोकांच्या संगणकांनी दुरुस्त कराव्यात, हा व्यवहार रुळला. अभियंत्याला खटकावी अशीच ही ढिलाई होती; पण नव्याने बोलू पाहणाऱ्या माणसाला आपली पायरी कोणती हे मधल्या कोणालाही विचारावे लागले नाही, ते या ढिलाईमुळेच.

तडजोड करायला मात्र कधीच कोणाची हरकत नव्हती, आणि ती प्रत्येक कॉलमध्ये असते. जुन्या दूरध्वनी वाहिनीतून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जात असल्याने ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होते, आणि आजही फोनवर आडनाव अक्षर फोडून सांगावे लागते. तारेच्या जाळ्यात एका कॉलला सेकंदाला ६४ किलोबिट लागत. दुसऱ्या पिढीच्या मोबाइलने ते काम १३ किलोबिटांत भागवले आणि अर्ध्या दराच्या पद्धतीने ५.६ किलोबिटांत. आवाज पत्र्यावर घासल्यासारखा येई, पण एका कॉलच्या जागेत दोन कॉल मावत. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर एकाच टॉवरवर हजारो फोन येतात, तेव्हा सर्वांचा आवाज थोडा उतरवून जास्त लोकांना बोलू द्यायचे, की काहींना उत्तम आवाज देऊन इतरांना नेटवर्क व्यस्त असल्याचे सांगायचे, यांतून निवड करावीच लागते. यातली पहिली निवड कसाशी संबंधित आहे आणि दुसरी पायरीशी.

इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी चार महानगरांत खुले झाले आणि पाठोपाठ पुण्यात आले. त्या वेळच्या स्वस्त खात्यात केवळ मजकूर दिसे, चित्रे नसत. इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास १ एप्रिल २००२पर्यंत परवानगी नव्हती, आणि त्यामागे आवाजाच्या कसापेक्षा आंतरराष्ट्रीय कॉलचा महसूल होता.

मराठी भाषकांना या तडजोडीची झळ पहिल्यांदा जाणवली ती मात्र एसएमएसमध्ये. एका एसएमएसमध्ये १,१२० बिट मावतात. रोमन लिपीचे अक्षर सात बिटांत बसत असल्याने त्यात १६० अक्षरे जातात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागत असल्याने ७० चिन्हे संपली की संदेश संपतो, आणि लांबला तर ६७ चिन्हांचे तुकडे होऊन प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे पडतात. त्यातही काना आणि पाय मोडण्याचे चिन्ह स्वतंत्र मोजले जाते, म्हणून ‘नमस्कार’ या चार अक्षरी शब्दाला सात जागा लागतात. जाळ्याच्या लेखी सेवेत काहीही उणे नव्हते, कारण संदेश वेळेवर पोहोचत होता. पण आपल्या लिपीत लिहिणाऱ्याला दुपटीने पैसे मोजावे लागत होते. एक पिढी मराठी रोमन अक्षरांत लिहायला शिकली, त्याचे मोठे कारण हा हिशेब आहे. दर्जाच्या कोणत्याही तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नव्हता, याची खंत आजही वाटते.

याच एसएमएसवर २०११ साली मर्यादा आली. जाहिरातींच्या अनाहूत संदेशांपासून ग्राहकाची सुटका व्हावी म्हणून दूरसंचार नियामकाने (ट्रायने) त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची सीमा घातली आणि नोव्हेंबरमध्ये ती २०० केली. हेतू रास्त होता; परंतु जाहिरातदारासाठीचा उपाय सामान्य माणसाच्या बोलण्यावरही लागू झाला, आणि जुलै २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने खासगी, अव्यापारी संदेशांपुरती ती मर्यादा रद्द केली. महिना उलटतो न उलटतो तोच १७ ऑगस्टला केंद्र सरकारने पंधरा दिवसांसाठी दिवसाला पाच संदेशांची मर्यादा देशभर लागू केली. ईशान्य भारतातील रहिवाशांवर हल्ले होणार, अशा अफवा तेव्हा पसरल्या होत्या; पुण्यातही त्या समाजातील विद्यार्थ्यांना मारहाण झाल्याच्या घटना घडल्या होत्या आणि अनेकांनी शहर सोडले होते. आठवडाभरात ही मर्यादा वीसवर नेण्यात आली. अफवा रोखणे आवश्यक होते, याबद्दल दुमत नाही. मात्र घाबरलेल्या मुलाने गुवाहाटीच्या घरी पाठवलेला ‘मी सुखरूप आहे’ हा संदेशही त्याच पाचांत मोजला जात होता.

त्यानंतरची वर्षे वाचकांच्या स्मरणात असतील, म्हणून ती ओझरतीच नोंदवतो. ऑनलाइन मजकुरासाठी तुरुंगवासाची तरतूद करणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. त्या खटल्याचे निमित्त पालघरमधील दोन तरुणींची अटक होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियामकाने आशय पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली आणि उल्लंघनासाठी दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये, असा दंड ठेवला. २०१८ साली इंटरनेट तटस्थतेची, म्हणजे सर्व आशयाला सारखी वागणूक देण्याची, अट परवान्यांतच आली. जाळ्यातील डेटाच्या वाजवी वाहतूक व्यवस्थापनाला मुभा राहिली, पण ते प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक असावे असे ठरले. ‘विशेष सेवां’ना, म्हणजे ठरावीक कामासाठी खास दर्जा लागणाऱ्या सेवांना, त्यातून वगळण्यात आले.

खरा कस लागला तो २०२० साली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि सगळे काम, शाळा आणि करमणूक एकाच वेळी घरच्या जोडणीवर आली, तेव्हा व्हिडिओ पुरवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइलवरील चित्राचा दर्जा ४८० रेषांपर्यंत उतरवला. सर्वांचे चित्र सारखेच थोडे धूसर झाले आणि जाळ्यात जागा मोकळी झाली. कोणाचीही पायरी बदलली नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मात्र एका मोबाइल कंपनीने ४९९ रुपये आणि त्यापुढच्या पोस्टपेड योजनेच्या ग्राहकांना जाळ्यात अग्रक्रम जाहीर केला. दुसऱ्या कंपनीची तशीच योजना आधीपासून बाजारात होती. ११ जुलै रोजी नियामकाने दोघांनाही त्या स्थगित ठेवण्यास सांगितले आणि इतर ग्राहकांच्या हिताचे काय, अशी विचारणा केली.

या निर्णयावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि तिच्यातील काही मुद्दे दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. परवान्यातील अट मुख्यतः आशयासंबंधी होती. एका संकेतस्थळाला दुसऱ्यापेक्षा झुकते माप देऊ नये, असा तिचा रोख होता. इथे कोणत्याही संकेतस्थळाला झुकते माप नव्हते, ग्राहकाला होते. जास्त भाडे देणाऱ्याला रेल्वेत वरचा वर्ग मिळतो, मग इथे का नको, असा युक्तिवाद झाला. एक कंपनी अपिलीय न्यायाधिकरणाकडे गेली आणि तिला अंतरिम दिलासाही मिळाला. चौकशी चालू ठेवण्याची मोकळीक नियामकाला राहिली. ऑगस्टमध्ये त्या कंपनीला दिलेल्या नोटिशीत भर होता तो योजनेच्या वर्णनातील अपारदर्शकतेवर, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल होते यावर. पुढे कंपनीने योजनेत बदल केला आणि मूळ प्रश्नाचा निवाडा बाजूलाच राहिला.

माझ्या मते नियामकाने उचललेले पाऊल योग्य दिशेचे होते, आधार मात्र अपुरा होता. रेल्वेची उपमा इथे लागू पडत नाही, कारण वरच्या वर्गाचा डबा वेगळा जोडला जातो. टॉवरच्या ठरावीक क्षमतेत एकाला आधी सोडणे म्हणजे त्याच क्षणी दुसऱ्याला थांबवणे. त्याच सुमारास, १४ ते २३ जुलै या काळात, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा कडक टाळेबंदी होती. ज्या घरात तीन मुलांत एकच प्रीपेड फोन होता आणि त्यावरच तिघांचे वर्ग भरत होते, त्या घराला कोणाचा तरी अग्रक्रम म्हणजे मध्येच थिजलेले चित्र आणि बाईंचे तुटक बोलणे होते. त्या घरापुरता संवादाच्या स्वातंत्र्याचा अर्थ, बाईंना उलट प्रश्न विचारता येणे एवढाच होता. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या योजना ‘उत्तम दर्जा’ या अर्थाने मांडल्या, आणि चर्चेतही तो शब्द तसाच फिरत राहिला. अग्रक्रमाचे दुसऱ्या बाजूचे मोजमाप, म्हणजे उरलेल्या ग्राहकांचा वेग किती घटला, हे मात्र जाहीर चर्चेच्या केंद्रस्थानी आले नाही.

सेवा पूर्ण थांबवण्याचा विषय यापासून वेगळ्या रस्त्याने चालत आला. २०१७च्या नियमांनी त्याची कार्यपद्धती ठरवली. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारे अभिव्यक्तीला घटनेच्या कलम १९चे संरक्षण असल्याचे सांगून अनिश्चित काळाची बंदी अमान्य केली आणि आदेश प्रसिद्ध करण्याची सक्ती केली. इंटरनेट मिळणे हाच मूलभूत हक्क आहे का, यावर मत दिले नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात सेवा थांबवली गेली ती याच चौकटीत. १८८५च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३च्या दूरसंचार कायद्यातही थांबवण्याचा अधिकार कायम आहे. म्हणजे एका पुस्तकात दर्जा मोजण्याचे नियम आणि दुसऱ्यात बंद करण्याचे, आणि दोन्ही पुस्तके अजून तरी एकमेकांकडे पाहत नाहीत.

मोजण्याच्या नियमांत बदल होत आहेत. ब्रॉडबँड म्हणवण्यासाठीचा किमान वेग २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट होता, २०१३ साली ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. २०२४च्या दर्जाविषयक नियमांनी जिल्हा पातळीवर २४ तासांहून अधिक सेवा खंडित राहिल्यास ग्राहकाला भरपाई देऊ केली आणि तिमाहीऐवजी मासिक अहवालाकडे वाटचाल ठरवली. विशेष सेवांसाठीच्या २०१८च्या सवलतीला दोन अटी आहेत: अशी सेवा सामान्य इंटरनेटचा पर्याय म्हणून विकता कामा नये, आणि तिच्यामुळे सामान्य इंटरनेटची उपलब्धता व दर्जा बाधित होता कामा नये. स्लाइसिंगबाबत दुसरी अट पाळली जाते की नाही हे तपासायचे तर आकडे टॉवरनिहाय, आणि राखीव भाग चालू असतानाचे व नसतानाचे वेगवेगळे, हवेत. परवान्यांच्या रचनेत पुणे हे मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून बनलेल्या सर्कलचा भाग आहे; गडचिरोलीपासून पणजीपर्यंतच्या सरासरीत सदाशिव पेठेतल्या एखाद्या बोळातला किंवा जनता वसाहतीतला फोन कोणत्या पायरीवर उभा आहे, हे दिसत नाही.