सार्स-कोव्ह-2 : उगमाविषयीचा वाद

कोविड-19 चा विषाणू (सार्स-कोव्ह-2) वन्य प्राण्यांतून थेट माणसात आला की संशोधनातील अपघातातून, यासंबंधी 2020 पासून चालू असलेला वाद. डिसेंबर 2019 मध्ये चीनमधील वूहान येथे पहिले रुग्ण नोंदले गेले. संसर्गाचा प्रत्यक्ष आरंभ त्याआधी काही आठवडे झाला असावा. वन्य प्राणी विकणारा हुआनान बाजार आणि वटवाघळांतील कोरोना विषाणूंवर काम करणारी विषाणुविज्ञान संस्था एकाच शहरात असल्याने दोन्ही शक्यता आरंभापासूनच मांडल्या गेल्या.

संस्थेतील शी झंगली यांच्या गटाने फेब्रुवारी 2020 मध्ये ‘आरएटीजी13’ या विषाणूचा जनुकीय क्रम प्रसिद्ध केला. तो सार्स-कोव्ह-2 शी 96.2% जुळतो. त्याचा नमुना युनान प्रांतातील मोजियांग येथील खाणीतला होता. तेथे 2012 मध्ये काम करणाऱ्या सहा जणांना तीव्र न्यूमोनिया होऊन तिघे दगावले होते. या घटनेकडे लक्ष वेधणाऱ्यांत पुण्यातील संशोधक मोनाली रहाळकर व राहुल बहुलीकर हे होते. याच विषाणूचा अंशतः क्रम 2016 मध्ये वेगळ्या नावाने प्रसिद्ध झाला असल्याचे शी यांच्या गटाने नोव्हेंबर 2020 मधील पुरवणीत स्पष्ट केले. हा खुलासा मूळ लेखातच यायला हवा होता; तो न आल्याने संशय वाढला. तथापि सुमारे 30,000 न्यूक्लिओटाइडांच्या (जनुकीय क्रमातील मूळ घटकांच्या) जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण जनुकीय संचात, उरलेला फरक अकराशेहून अधिक स्थानांचा असून तो पडण्यास अनेक दशके लागतात. समान पूर्वजापासून दोघे अंदाजे 1948 ते 1982 च्या दरम्यान विलग झाले असावेत. त्यामुळे आरएटीजी13 हा साथीच्या विषाणूचा निकट पूर्वज ठरत नाही. लाओसमधील वटवाघळांत सापडलेला ‘बॅनल-52’ (2021) किंचित अधिक जवळचा आहे.

काटा-प्रथिनातील (विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारख्या प्रथिनातील) फ्युरिन-छेदनस्थान, म्हणजे फ्युरिन हे विकर ते प्रथिन जेथे छेदते ती जागा, हा दुसरा मुद्दा. ते 12 न्यूक्लिओटाइडांच्या निवेशनातून (मध्ये भर पडून) बनले असून सार्स-कोव्ह-2 च्या उपगटातील अन्य ज्ञात विषाणूंत आढळत नाही. मात्र मर्ससारख्या (मध्यपूर्वेतील श्वसनरोगाच्या विषाणूसारख्या) दूरच्या कोरोना विषाणूंत अशी स्थाने आहेत. अशी स्थाने घालण्याचा विचार 2018 च्या एका संशोधन-प्रस्तावात होता; त्याला निधी नाकारला गेला आणि ते काम झाल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

आरंभीच्या रुग्णांची बाजाराभोवतीची दाटी (2022) आणि तेथील विषाणूयुक्त नमुन्यांत सापडलेले रकून-कुत्र्याचे (कोल्ह्याच्या कुळातील वन्य प्राण्याचे) जनुकीय अंश (2023) यांमुळे प्राणिजन्य उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते, जरी संसर्गित प्राणी सापडलेला नाही. अमेरिकी गुप्तचर संस्थांत मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने जून 2025 मध्ये उपलब्ध पुराव्याचा कल प्राण्यांकडे असल्याचे नमूद केले. परंतु आरंभीच्या रुग्णांचे शेकडो जनुकीय क्रम आणि प्रयोगशाळांतील जैवसुरक्षेची माहिती मागणी करूनही चीनने दिलेली नसल्याने गटाने सर्व शक्यता खुल्या ठेवल्या.