जेम्स नदीकाठच्या हवेल्यांच्या विटा इंग्लंडच्या?

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी अठराव्या शतकात तंबाखूच्या मळेवाल्या घराण्यांनी लाल विटांच्या हवेल्या बांधल्या. या विटा इंग्लंडहून जहाजाच्या तळाशी, तोल राखायला भरून आणल्या, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ऐकायला पटतं, कारण जुन्या कागदांत ‘इंग्लिश वीट’ असा शब्द सापडतो. पण तो बहुधा विटेच्या मापाचा शब्द, ती कुठून आली हे सांगणारा नव्हे; आपल्याकडच्या ‘मंगलोरी कौला’सारखा.

आता हिशोब करा. एक वीट अडीच किलोची धरली तर लाखभर विटांचे 250 टन होतात. त्या काळातली कित्येक मालवाहू जहाजं एवढं वजन एका फेरीत पेलू शकली नसती, आणि मोठ्या हवेलीला तर कित्येक लाख विटा लागत. नदीकाठी चिकणमाती आणि सरपण मुबलक असताना विटा समुद्रापार कोण आणणार? माती तुडवणं, साच्यात घालणं, भट्टी लावणं ही कामं बहुतेक गुलाम माणसांच्या वाट्याला यायची. काही विटांवर त्यांच्या बोटांचे ठसे अजून दिसतात.

भिंतीजवळ जाऊन सांध्यातला चुना बघा: कालवांच्या शिंपल्यांचे पांढरे तुकडे दिसतील, म्हणजे चुनाही तिथेच शिंपल्या भाजून केलेला. कोकणातही असाच चुना करत. विटांच्या मातीचं परीक्षण केलं की ती कुठली तेही कळतं.