वाकड्या हँडलची सायकल आणि न्यूरॉनची आवडती दिशा

सदाशिव पेठेत तासाच्या भाड्यानं सायकली मिळत, तेव्हा माझ्या वाट्याला हमखास डावीकडे ओढणारी यायची. टिळक रस्त्यावर आधी दोन-चार झोकांड्या, मग हात आपसूक सावरून घेत. खरी गंमत नंतर व्हायची. घरची चांगली सायकल काढली की तीच उजवीकडे पळायची! हातांनी वाकडेपणा पाठ केलेला असे. हे पाठांतर मेंदूत कुठं होतं?

१८७० साली फ्रिट्श आणि हिट्झिग या संशोधकांनी बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीजप्रवाह दिला, तर विरुद्ध बाजूचा पाय हलला. १९३७ मध्ये पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी माणसाच्या मोटर कॉर्टेक्सचा, म्हणजे हालचाली घडवणाऱ्या मेंदूच्या भागाचा, नकाशा मांडला. पेठांच्या हद्दींसारखाच तो: ही हाताची, ती ओठांची. पण हात कुठल्या दिशेला निघालाय, ते त्यावरून कळत नसे.

ते कळलं १९८२ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. जॉर्जोपोलोस आणि सहकाऱ्यांनी माकडाला मधल्या दिव्यापासून आठ दिशांना हात न्यायला लावला आणि त्याच भागातल्या एकेका न्यूरॉनचे, म्हणजे मेंदूतल्या एकेका चेतापेशीचे, विजेचे स्पंद मोजले. बहुतेक न्यूरॉनना एक 'आवडती दिशा' निघाली. हात तिकडे निघाला की स्पंदांची गर्दी, आणि दिशा जसजशी दूर तसतशी कोसाइनच्या वळणानं ओहोटी. एकटा न्यूरॉन ढोबळच बोलतो. साऱ्यांच्या मतांची बेरीज केली तर हाताची दिशा बऱ्यापैकी अचूक सांगता येते, हे १९८६ पर्यंत दिसलं.

ही आवड कायमची का? १९९४ मध्ये शादमेहर आणि मुसा-इव्हाल्डी यांनी माणसांच्या हातात यंत्राचा दांडा दिला. हात हलला की यंत्र वेगानुसार त्याला ढकले. सरावानं हात सरळ जाऊ लागले, आणि ढकलणं अचानक थांबवताच उलट्या बाजूला वळले. माझी सायकलच ती.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एमिलिओ बिझी यांच्या गटानं हाच खेळ माकडांना दिला आणि तोच न्यूरॉन तिन्ही टप्प्यांत ऐकला: आधी, यंत्राचं ढकलणारं बळ असताना, बळ काढल्यावर. काहींची आवडती दिशा जागची हललीच नाही. काहींची बळाच्या बाजूला सरकली आणि नंतर परतली. उरलेल्यांनी मला खरं चक्रावलं. त्यातल्या काहींची दिशा सरकली ती बळ गेल्यावरही तिथंच राहिली. दुसऱ्या काहींची बळ असताना ढिम्म होती, बळ गेल्यावर उलट बाजूला वळली. दोन्ही गट एकमेकांना तोलून धरत, त्यामुळे हात सरळच जाई. वागणं मूळपदावर आलं, तरी आतली मांडणी पूर्वीची उरली नव्हती.

शिकण्याची खूण सापडली, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. मात्र २००७ मध्ये रोक्नी आणि सहकाऱ्यांनी बिझींच्याच गटाच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा नवं काहीच शिकायचं नसतानाही न्यूरॉनच्या दिशा हळूहळू भरकटताना दिसल्या. सरकलेल्या दिशेतला शिकण्याचा वाटा किती आणि नुसत्या भटकण्याचा किती, हे वेगळं काढणं मग अवघड झालं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाला मात्र मोटर कॉर्टेक्सशेजारच्या, हालचालीची तयारी करणाऱ्या प्रीमोटर भागातले न्यूरॉन बरेच स्थिर दिसले. न्यूरॉनचे स्पंद टिपणारी मेंदूतली सुई किंचित सरकली तरी दिशा बदलल्यासारखी वाटू शकते, हीही शंका होतीच.