चार तारे, एक ग्रह: कक्षा टिकते कुठे आणि मोडते कुठे

हंस तारकासमूहातल्या केप्लर-64 या प्रणालीत तारे चार आहेत आणि माहीत असलेला ग्रह एक. मधोमध दोन तारे एकमेकांभोवती 20 दिवसांत फेरी पूर्ण करतात. त्यातला एक सूर्यापेक्षा जड आहे, तर दुसरा सूर्याच्या साधारण 0.4 पट वस्तुमानाचा तांबडा बटू, म्हणजे लहान, मंद तारा. या दोघांना मिळून बाहेरून एक वायुग्रह 138 दिवसांत प्रदक्षिणा घालतो. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या सहापट. उरलेले दोन तारे जोडीनेच राहतात, पण या सगळ्यांपासून सुमारे 1000 खगोलीय एकक अंतरावर. (सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं सरासरी अंतर, म्हणजे सुमारे 15 कोटी किलोमीटर, हे एक खगोलीय एकक.)

हे वाचल्यावर मनात पहिला प्रश्न येतो तो चार ताऱ्यांच्या ओढाताणीचा. प्रत्यक्षात तिथे ओढाताण फारशी नाहीच. दूरची जोडी ग्रहाला ओढते, पण ती मधल्या दोन ताऱ्यांनाही जवळजवळ तेवढंच आणि त्याच दिशेला ओढते. कक्षा बिघडते ती या दोन ओढींमधल्या फरकामुळे, आणि हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ग्रह मधल्या जोडीपासून सुमारे 0.64 एकक अंतरावर आहे आणि दुसरी जोडी त्याच्या दीड हजार पट दूर. दीड हजाराचा घन तीन अब्जांच्या वर जातो. म्हणजे मधल्या जोडीच्या पकडीच्या तुलनेत दूरच्या जोडीचा उपद्रव अब्जावधीतला एखादा भाग.

अनेकतारा प्रणालींची रचना अशीच असते, आणि तिला पर्याय नाही. तीन तारे साधारण सारख्या अंतरावर ठेवले तर त्यांच्या कक्षा वेड्यावाकड्या होतात आणि कधीतरी एक जण बाहेर फेकला जातो. टिकतात त्या एकात एक बसवलेल्या रचना: घट्ट जोडी, तिच्यापासून बऱ्याच दूर तिसरा तारा किंवा दुसरी जोडी. म्हणून ग्रहाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते ती अंतरांची प्रमाणं; ताऱ्यांची संख्या त्यानंतर येते.

ग्रहाला राहायला दोनच प्रकारच्या जागा असतात. एक तर जोडीतल्या एकाच ताऱ्याला धरून फिरायचं आणि दुसऱ्याला दूर ठेवायचं, नाहीतर दोघांना मिळून बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दोन्हींना मर्यादा आहे. मॅथ्यू होल्मन आणि पॉल वीगर्ट यांनी 1999 मध्ये संगणकावर असंख्य कक्षा दहा हजार द्वैती-फेऱ्यांपर्यंत (द्वैती म्हणजे ताऱ्यांची जोडी) चालवून पाहिल्या आणि त्यातून दोन सूत्रं बसवली. सूत्रात तीनच गोष्टी भरायच्या: ताऱ्यांमधलं सरासरी अंतर, त्यांच्या कक्षेची उत्केंद्रता (म्हणजे ती किती लांबट आहे ते) आणि वस्तुमानांचं प्रमाण. दोन सारख्या वजनाचे तारे वर्तुळाकार फिरत असतील तर बाहेरून फिरणारा ग्रह ताऱ्यांमधल्या अंतराच्या किमान 2.4 पट लांब हवा. एकाच ताऱ्याभोवती फिरणाऱ्याने त्या अंतराच्या 0.27 पटीच्या आत राहायला हवं. मधला सगळा पट्टा धोक्याचा.

केप्लर-16 घेऊन हे आकड्यांत पाहू. 2011 मध्ये जाहीर झालेला, दोन ताऱ्यांना मिळून फिरणारा हा ग्रह साधारण शनीएवढा आहे. तारे सूर्याच्या 0.69 आणि 0.20 पट वस्तुमानाचे, त्यांच्यातलं अंतर 0.22 एकक, उत्केंद्रता 0.16, एका फेरीला 41 दिवस. सूत्रात हे भरलं की 2.9 हा गुणक मिळतो, म्हणजे किमान अंतर सुमारे 0.65 एकक. ग्रह आहे 0.70 एककावर. सीमेला जवळजवळ खेटून! असे आणखी बरेच ग्रह सीमेच्या जरा बाहेरच सापडले आहेत, आणि हा योगायोग वाटत नाही. इतक्या जवळ, ग्रह जिच्यातून घडतात त्या वायू-धुळीच्या तबकडीतली धूळ ताऱ्यांच्या हलवाहलवीने सारखी घुसळली जाते; कण एकमेकांवर जोरात आदळतात आणि चिकटण्याऐवजी फुटतात. त्यामुळे ग्रह तिथेच जन्मला असणं अवघड. सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असं, की ग्रह दूर तयार होतो, वायूच्या तबकडीतून हळूहळू आत सरकतो आणि जोडीने मधोमध पोकळी करून ठेवली आहे तिच्या काठाशी येऊन थांबतो.

सूत्र वापरताना एक पथ्य पाळायला हवं. त्यात ग्रहाचं वस्तुमान शून्य धरलेलं आहे, त्याची कक्षा सुरुवातीला वर्तुळाकार आणि ताऱ्यांच्याच प्रतलात मानली आहे. शिवाय सुरक्षित भागातही मधूनमधून अनुस्पंदाच्या जागा येतात, जिथे ग्रहाच्या आणि ताऱ्यांच्या फेऱ्या साध्या प्रमाणात जुळतात आणि धक्के साठत जातात. म्हणून सूत्रातून आलेला आकडा पहिली चाळणी समजायचा. खऱ्या प्रणालीसाठी कक्षा स्वतंत्रपणे चालवून पाहाव्याच लागतात.

तिरक्या कक्षांचं प्रकरण तर वेगळंच. दूरच्या ताऱ्याची कक्षा ग्रहाच्या कक्षेशी 39 अंशांपेक्षा जास्त कोन करत असेल, तर ग्रहाची कक्षा फार सावकाश, पण मोठ्या प्रमाणात बदलते: कधी तिरकी आणि गोल, कधी सपाट आणि लांबट. सोव्हिएत संघातले लिदोव आणि जपानचे कोझाई यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हे स्वतंत्रपणे दाखवलं. हंसमधल्याच 16 सिग्नी या त्रितारा प्रणालीतला ग्रह याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. तो B ताऱ्याभोवती सुमारे 800 दिवसांत फिरतो आणि त्याची उत्केंद्रता जवळपास 0.69 आहे. सूर्यमालेतल्या एकाही ग्रहाची कक्षा इतकी लांबट नाही. दूरच्या A ताऱ्याने लाखो-कोट्यवधी वर्षांत ती ताणली असावी, असा अंदाज आहे.

आता शोधण्याच्या कामाकडे वळू, कारण चुका होतात त्या इथे.

ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. याला अधिक्रमण म्हणतात. एकट्या ताऱ्यासमोर ही घट ठरावीक अंतराने येते, आणि संगणक नेमकी तीच नियमितता शोधतो. दोन ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या बाबतीत तारा स्वतःच जागा बदलत असतो. त्यामुळे अधिक्रमण काही दिवस आधी किंवा उशिरा येतं. ते किती वेळ टिकेल हेही बदलतं: तारा ग्रहाच्या दिशेनेच सरकत असेल तर लांबतं, उलट दिशेने जात असेल तर झटकन आटोपतं. नियमितता शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातून अशी घट सहज निसटते. केप्लर-64 चा ग्रह म्हणूनच माणसांच्या डोळ्यांना दिसला. प्लॅनेट हंटर्स प्रकल्पात केप्लर दुर्बिणीचे प्रकाश-आलेख पाहणारे स्वयंसेवक कियान जेक आणि रॉबर्ट गॅग्लियानो यांनी तो हेरला आणि 2012 मध्ये तो जाहीर झाला. भर म्हणून अशा कक्षांची प्रतलं डोलतात. केप्लर-16 चा ग्रह 2018 पासून आपल्या दृष्टीने मुख्य ताऱ्यासमोरून जातच नाही. तो पुन्हा 2042 च्या सुमारास दिसू लागेल.

याहून कपटी अडचण परक्या प्रकाशाची. दोन सारखे तारे कॅमेऱ्याच्या एकाच पिक्सेलमध्ये पडले आहेत, असं समजा. ग्रहाने आपल्या ताऱ्याचा 1 टक्का प्रकाश झाकला, तरी एकूण प्रकाशात घट दिसते 0.5 टक्का. दुसरा तारा तिथे आहे हे लक्षात आलं नाही, तर ग्रहाची त्रिज्या 1.41 पट लहान निघते. आकारमान त्रिज्येच्या घनावर अवलंबून असल्यामुळे तेच वस्तुमान धरून काढलेली घनता 2.8 पट फुगते. हलकासा वायुग्रह कागदावर खडकाळ होतो. ग्रह मंद ताऱ्याभोवती असेल तर चूक आणखी मोठी.

टेस या ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीच्या बाबतीत हा धोका नेहमीचा, कारण तिचा एक पिक्सेल आकाशातला 21 विकला एवढा भाग व्यापतो (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). यमुना तारकासमूहातली एलटीटी 1445 ही आपल्यापासून सुमारे 22 प्रकाशवर्षांवरची तीन तांबड्या बटूंची प्रणाली. तिथे A तारा आणि B-C ही जोडी यांच्यात फक्त 7 विकलांचं अंतर आहे. टेसच्या दृष्टीने तिन्ही तारे एकच ठिपका. 2019 मध्ये 5.4 दिवसांच्या कक्षेतला ग्रह जाहीर करताना तो A चाच आहे हे वेगळं सिद्ध करावं लागलं. यासाठी काही पक्क्या युक्त्या आहेत. घट होत असताना ठिपक्याचा प्रकाशमध्य किंचित सरकतो, आणि तो मंदावणाऱ्या ताऱ्यापासून दूर जातो. अधिक्रमणाच्या कालावधीवरून ताऱ्याची घनता निघते आणि ती कोणत्या ताऱ्याशी जुळते ते तपासता येतं. जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी तारे सुटे करून पाहणं तर हवंच.

ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डोलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा पुढेमागे सरकतात; त्यावरून ग्रह शोधतानाही हाच घोळ होतो. एचडी 188753 या त्रितारा प्रणालीत 3.35 दिवसांत फेरी मारणारा गुरूसारखा ग्रह असल्याचा दावा 2005 मध्ये झाला. मुख्य ताऱ्यापासून सुमारे 12 एकक अंतरावर दुसरी जोडी, जी स्वतः 156 दिवसांत फिरते. तिचा प्रकाश मुख्य ताऱ्याच्या वर्णपटात मिसळतो आणि तिच्या रेषा पुढेमागे सरकत राहतात. 2007 मध्ये दुसऱ्या गटाने काटेकोर मोजमापं केली तेव्हा ग्रहाचा मागमूस लागला नाही.

उलटंही घडलं आहे. वृषपर्वा समूहातल्या गॅमा सेफी या द्वैतीत ग्रह असल्याची चाहूल 1988 मध्येच लागली होती. पुढे 1992 मध्ये तो संकेत ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागावरच्या घडामोडींच्या खाती टाकला गेला, आणि दशकभराने ग्रह पक्का ठरला. ताऱ्यांमधलं अंतर 20 एकक, ग्रह 2 एककावर. वरच्या सूत्राने सीमा निघते जवळपास 3.9. गणिताचा त्याला मुळीच विरोध नव्हता. तरी इतक्या जवळच्या जोड्यांत ग्रह कमीच सापडतात. तारे 50 एककांहून जवळ असतील तर ग्रहांचं प्रमाण एकट्या ताऱ्यांच्या सुमारे एक तृतीयांशावर येतं, कारण सोबती तारा ग्रह घडवणारी तबकडीच कापून लहान करतो.

नरतुरंगातल्या मित्र ताऱ्याचं, म्हणजे अल्फा सेंटॉरीचं, औत्सुक्य यामुळेच मोठं आहे. त्रितारा प्रणालींमध्ये आपल्याला सर्वात जवळची ही. तिसरा सदस्य प्रॉक्झिमा 13,000 एकक दूर आहे, आणि त्याचा 11.2 दिवसांचा ग्रह 2016 मध्ये सापडला. मुख्य A आणि B तारे 80 वर्षांत एक फेरी पूर्ण करताना 11 ते 36 एकक अशा अंतरांवरून जातात. सूत्राने A भोवतीची सुरक्षित हद्द येते सुमारे 2.8 एकक. ऑगस्ट 2024 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने A जवळ एक मंद ठिपका टिपला. तो ग्रह असेल तर साधारण शनीच्या वस्तुमानाचा आणि 2 एककांच्या आसपास फिरणारा, म्हणजे हद्दीच्या आत. फेब्रुवारी आणि एप्रिल 2025 च्या निरीक्षणांत मात्र तो दिसला नाही. शक्य असलेल्या कक्षांपैकी जवळपास निम्म्यांत तो तेव्हा ताऱ्याच्या फार जवळ गेलेला असणार होता, त्यामुळे एवढ्यावरून तो बाद होत नाही.

अशा ठिपक्यांची खरी परीक्षा असते ती ताऱ्याच्या चालीशी. एचडी 131399 या त्रितारा प्रणालीतला 2016 सालचा गाजलेला ग्रह वर्षभरातच मागचा भलताच तारा निघाला, कारण तो प्रणालीसोबत आकाशात सरकत नव्हता. मित्र दरवर्षी 3.7 विकला सरकतो, आणि ती जेम्स वेबसाठी फार मोठी चाल आहे. मागच्या पार्श्वभूमीवरचा कोणताही ठिपका काही महिन्यांतच जागेवर मागे राहिलेला दिसेल. ग्रह असेल तर तो ताऱ्यासोबत जाईल, आणि दोन-तीन निरीक्षणांत पकडता आला की त्याची कक्षा 2.8 एककांच्या हद्दीत बसते का, हेही मोजता येईल.