पार्किंग वाढवलं की कोंडी सुटते?

नवा गृहप्रकल्प किंवा ऑफिसची इमारत उभी राहिली की हमखास ऐकू येतं: भरपूर पार्किंग द्या, रस्त्यावरचा ताण कमी होईल. होतं बहुतेकदा उलटंच. फुकट जागा हाताशी असली की माणूस गाडीच काढतो, आणि सकाळी सगळ्या गाड्या एकाच फाटकातून बाहेर पडतात.

कॅलिफोर्नियात १९९२च्या कायद्याने काही कंपन्यांना फुकट पार्किंगऐवजी तेवढे पैसे घेण्याचा पर्याय कर्मचाऱ्यांना द्यावा लागला. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अशा आठ कंपन्या तपासल्या. एकट्याने गाडी आणणारे ७६ टक्क्यांवरून ६३वर आले. घराच्या किमतीतून पार्किंग वेगळं काढून विकणं, हाही त्याच जातीचा उपाय. लॉबीत बसचं वेळापत्रक चिकटवणं मात्र निव्वळ सोपस्कार! शिवाय उपाय लागू पडतोय का हे कळायला, इमारतीचा ताबा दिल्यावरही फाटकावर गाड्या मोजणारं कोणीतरी लागतंच.