वडिलांच्या बंदुकीचा वारसा परवाना: अर्ज कुठे अडतो, आणि पोराबाळांच्या घरात बंदूक ठेवायची कुठे

शेतीसंरक्षणाची बंदूक वडिलांच्या नावावर होती, वडील गेले, आता परवाना मुलाच्या नावावर करायचा आहे. तळकोकणात हे काम घेऊन येणारी माणसं मला सतत भेटतात. अर्ज भरून देण्याचं काम बरीच वर्षं करतोय. परत आलेले अर्ज चाळले तर ते तीन-चार ठिकाणीच अडकलेले दिसतात. त्यातलं एक ठिकाण असं आहे की अर्जदार त्याला कागदाच्या किमतीपलीकडे किंमत देत नाहीत. बंदूक घरात कुठे आणि कशी ठेवणार, याचं हमीपत्र. त्याच्याकडे येतोच, पण त्याआधी एक तातडीची गोष्ट.

परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा नसतो. परवानाधारक गेला की घरातल्या इतर कुणालाही ती बंदूक बाळगायचा अधिकार उरत नाही, मग तो थोरला मुलगा का असेना. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 21 सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. इथे लोक ठाम सांगतात, "एक वर्षाची मुदत असते ना?" नसते. ते एक वर्ष 2019 च्या दुरुस्तीतलं आहे. एका माणसाकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रं राहतील असं तेव्हा ठरलं आणि ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते जमा करायला वर्ष दिलं होतं. वारसांशी त्याचा काही संबंध नाही. तेरावं होईपर्यंत थांबलात तर कुणी लगेच बेड्या घालणार नाही, पण वर्षश्राद्धाला बंदूक खुंटीवरच असेल तर पोलीस अहवालात ते येणार आणि मग अर्जाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

ठाण्यात नेण्याआधी ती रिकामी आहे का, हा प्रश्न. बारा बोअरची असेल तर नळी मोडून आत काडतूस आहे की नाही ते दिसतं. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीचं तसं नाही. वर टोपी, म्हणजे घोडा आपटून ठिणगी देणारी डबी, नसली म्हणजे आत बार नाही असा समज आहे आणि तो चूक आहे. दारू आणि छर्रे नळीच्या तळाशी ठासलेले असतात, बाहेरून काही कळत नाही. रानडुक्कर रात्री कधीही येतं म्हणून आपल्याकडचे जुने लोक बंदूक ठासूनच ठेवायचे. एका वाडीत म्हातारबाबा गेल्यावर तीन आठवडे बंदूक पडवीत टांगलेली होती, खाली नातवंडं पत्ते खेळत होती. हवालदाराने नेताना नळीत गज घातला तर तो तळाला टेकेना, चांगला चार बोटं वर अडला. भरलेली होती. घरात सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. म्हणून सांगतो, शंका असेल तर बार काढायचा प्रयत्न स्वतः करू नका. नळी माणसांपासून लांब ठेवून, खोलीला कुलूप लावून ठाण्यात फोन करा. जमा केल्यावर पावती घ्या, आणि पावतीवरचा बंदुकीचा नंबर तिथेच उभं राहून परवान्याशी ताडून बघा.

पात्रता थोडक्यात

वय 21 पूर्ण हवं. मुलगा एकोणीसचा असेल तर त्याच्या आईने किंवा 21 पूर्ण झालेल्या बहिणीने अर्ज करावा. शस्त्र नियम 2016 मधल्या नियम 25 खाली पत्नी, मुलगी, सून याही वारस म्हणून अर्ज करू शकतात. बायकांना परवाना मिळत नाही ही नुसती ऐकीव गोष्ट. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर नमुना ए-1 मध्ये भरायचा, त्याची प्रत आणि कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायचे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. वडिलांच्या परवान्याला यूआयएन, म्हणजे ऑनलाइन नोंदीचा क्रमांक, मिळाला होता का ते आधी बघा. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हे सगळं नेहमीसारखंच. वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र नमुना एस-3 मध्येच हवं. डॉक्टरांनी स्वतःच्या लेटरहेडवर "प्रकृती ठणठणीत" लिहून दिलेलं चालत नाही, कारण त्या नमुन्यात मानसिक आरोग्याचा आणि व्यसनाचाही उल्लेख असतो.

जे कागद कुणाकडेच नसतात

पहिला, बाकीच्या वारसांची संमती. लोक सातबाऱ्यावरची वारस नोंद घेऊन येतात आणि यात सगळ्यांची नावं आहेत की, म्हणतात. आहेत, पण ती जमिनीसाठी. बंदूक एकाच्या नावावर जायला बाकीच्यांची हरकत नाही हे प्रतिज्ञापत्रावर लागतं. बहिणी मुंबईला, एक भाऊ गुजरातेत. गणपतीला सगळे एकत्र येतात तेव्हा सह्या घेऊ म्हणतात आणि तेव्हा नेमकी आरतीची गडबड. ज्याला जमेल त्याने आपापल्या गावी नोटरीसमोर करून टपालाने पाठवलेलं प्रतिज्ञापत्र सहसा चालतं. फक्त आपल्या गृह शाखेला मसुदा आधी दाखवा, नाहीतर "यात बंदुकीचा नंबर नाही" म्हणून परत येतं. आमच्याकडे एकाचं दोनदा आलं.

दुसरा, सातबारा. शेतीसंरक्षणाच्या परवान्याला स्वतः कसत असलेल्या जमिनीचा पुरावा लागतो आणि कोकणातला सातबारा अजून पणजोबांच्या नावाने सामाईक चाललेला असतो. निदान वारस नोंदीचा फेरफार तरी करून घ्या. त्याला लागणारा वेळ गृह शाखा मोजत नाही, तुम्हालाच मोजावा लागतो.

तिसरा कागद नव्हे, नंबर. ठासणीच्या जुन्या बंदुकांवर ठोकलेला नंबर गंजून, घासून गेलेला असतो. पंचनाम्यात तो जुळला नाही की अर्ज थांबला. अशा वेळी कुणीतरी शहाणा सल्ला देतो की लोहाराकडून नंबर परत ठोकून घ्या. चुकूनही करू नका! शस्त्रावरचा नंबर पुसणं, बदलणं किंवा बनावट ठोकणं हा कलम 8 खाली गुन्हा आहे. नंबर अस्पष्ट आहे असं स्वतःहून लेखी कळवा आणि वडिलांच्या परवाना पुस्तिकेच्या जुन्या नोंदी जोडा.

हमीपत्र आणि किल्ली

आता मूळ मुद्द्यावर. शस्त्राच्या सुरक्षित वापराचं आणि साठवणुकीचं हमीपत्र अर्जासोबत द्यावं लागतं. लोक झेरॉक्सच्या दुकानातून छापील मसुदा आणतात, "शस्त्र लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवीन" याखाली सही करतात आणि विसरतात. मग महिन्याभराने पोलीस घरी चौकशीला येतात. अर्जदार शेतावर. हवालदार म्हाताऱ्या आईला विचारतो, बंदूक कुठे ठेवणार? ती भोळेपणाने सांगते, "कुठे म्हणजे? हे ठेवायचे तिथेच, माजघरात खुंटीला." झालं. हमीपत्रात एक, जबाबात दुसरं. प्रतिकूल शेरा.

चूक आईची नाही. हमीपत्रात काय लिहिलंय ते घरात कुणी तिला सांगितलेलंच नसतं.

कपाट असतं त्या घरांतही माझा प्रश्न तोच असतो: किल्ली कुणाकडे? घरातलं लोखंडी कपाट म्हणजे ज्यात रेशनकार्ड, साड्या, दागिने, पोरांचे शाळेचे दाखले. दिवसातून पाचदा उघडतं. किल्ली दाराला लटकलेली, नाहीतर देवाच्या तसबिरीमागे, आणि ती जागा घरातल्या सगळ्यात लहान पोराला सगळ्यात आधी माहीत असते. त्या कपाटात बंदूक ठेवली तर हमीपत्र शब्दशः पाळलं जातं आणि बंदूक मात्र उघड्यावरच राहते. बंदुकीसाठी वेगळं, भिंतीला बोल्टने आवळलेलं अरुंद लोखंडी कपाट करून घ्या. कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देतो. त्याची किल्ली परवानाधारकाच्या अंगावर, घराच्या जुडग्यात नाही.

ते जमेपर्यंतही करण्यासारखं पुष्कळ आहे. बारा बोअरची बंदूक असेल तर नळी आणि दस्ता वेगळे करून वेगवेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवता येतात. चापाला लावायचं कुलूप शस्त्रविक्रेत्याकडे मिळतं. काडतुसं त्याच कपाटात नकोत, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या किल्लीने. ठासणीची असेल तर शेतावरून परतताना ती रिकामी करूनच घरी आणायची. भरलेली ठासणीची बंदूक घरात ठेवायला सुरक्षित जागा नसतेच. काळी दारू प्लॅस्टिकच्या बाटलीत चुलीमागच्या फळीवर ठेवलेली मी पाहिली आहे, का तर तिथे दमट होत नाही! टोप्यांची डबी आणि दारू या दोन वस्तू एकत्र ठेवू नका, आणि दोन्ही पोरांच्या हाती लागतील अशा तर नकोच. दिवाळीत टिकल्यांची बंदूक वाजवलेल्या पोराला घोडा मागे ओढणं आणि चाप दाबणं शिकवावं लागत नाही.

"आमच्या घरात लहान मूल नाही," हे वाक्य जबाबात नेहमी येतं. अकरा महिने ते खरं असतं. मे महिन्यात आणि चतुर्थीला चाकरमानी येतात, घरात आठ-दहा पोरं होतात आणि त्यातल्या निम्म्यांनी खरी बंदूक कधी पाहिलेली नसते. गावातली पोरं निदान तिला घाबरून असतात, ही थेट हात घालतात. पाहुण्यांच्या दिवसांत शस्त्र सुरक्षित ठेवीसाठी विक्रेत्याकडे देता येतं, तशी परवानगी असलेले विक्रेते जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. जबाबात ही सोय सांगा. "मूल नाही" यापेक्षा "सुट्टीत मुलं येतात, तेव्हा असं करतो" हे उत्तर चौकशी करणाऱ्यालाही पटतं.

खंडेनवमीचंही तेच. पूजेला बंदूक काढायची तर रिकामी असल्याची खात्री करून, परवानाधारकाने स्वतः काढायची आणि पूजा आटोपली की लगेच कुलपात. रात्रभर पाटावर नको. पोराच्या हातात देऊन फोटो तर नकोच नको. पाहिलेत असे फोटो, आणि ते ठाण्यापर्यंत पोचलेलेही पाहिलेत. लग्नात, वरातीत हौसेने बार काढण्यावर 2019 च्या दुरुस्तीने 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. आणि निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

छर्ऱ्याच्या एअरगनबद्दलही लोक विचारतात. 20 जूलपेक्षा जास्त शक्तीची किंवा 0.177 इंचापेक्षा मोठ्या नळीची असेल तर परवाना लागतो, त्याखाली लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे ती खेळणं झाली असं नाही, डोळा घालवायला तेवढी शक्ती पुरते. तीही कुलपातच.

अर्ज अडला तर

पोलीस अहवालाला नियमात 30 दिवस आहेत. प्रत्यक्षात किती लागतात ते ज्याने त्याने अनुभवावं. गृह शाखेच्या खिडकीवर "एक कागद कमी आहे" एवढंच सांगून परत पाठवतात आणि कोणता ते पुढच्या फेरीला कळतं. सत्तर किलोमीटर एसटीने आलेल्या माणसाची ही थट्टाच आहे. त्रुटी लेखी मागा. नम्रपणे, पण मागाच. अर्ज नामंजूर करताना कारणं लेखी नोंदवणं परवाना अधिकाऱ्यावर शस्त्र अधिनियमाच्या कलम 14 खाली बंधनकारक आहे, आणि सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर मागितल्यावर ती द्यावीही लागतात. अपील 30 दिवसांत करायचं असतं. दिवस आदेशापासून मोजले जातात, म्हणून आदेशाचा लिफाफा कुठल्या तारखेला हाती आला त्याची नोंद ठेवा आणि तो फेकू नका.

ज्यांचे वडील आज धडधाकट आहेत त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारस नेमून परवाना त्याच्याकडे देऊ शकतो. नियम 25 मध्येच ही तरतूद आहे. मृत्यूचा दाखला नाही, ठाण्यात बंदूक गंजत पडणं नाही, आणि ती कशी ठेवायची हे सांगायला वडील समोर असतात. फक्त हे म्हाताऱ्याला सुचवायचं कुणी, यावर आमच्याकडे बऱ्याच घरांत गाडी अडते.

परवाना हाती आला की त्यावरची मुदत बघून ठेवा. आता परवाना 5 वर्षांचा असतो, जुना 3 वर्षांचा होता, तेव्हा ऐकीव हिशेब न धरता पुस्तिकेवर छापलेली तारीखच धरा. नूतनीकरणाचा अर्ज त्या तारखेच्या निदान 60 दिवस आधी करायचा असतो, त्या तारखेला नव्हे. ठाण्यातून बंदूक सोडवायला जाताना जमा पावती, नवा परवाना आणि ओळखपत्र घेऊन जा. जाण्याआधी कपाट भिंतीला बसलेलं असू द्या. फॅब्रिकेशनवाला "सोमवारी देतो" म्हणाला असेल तर बंदूक त्या सोमवारनंतरच आणा, ठाण्यात ती आणखी आठ दिवस राहिली तरी चालेल.