टपावरचं कॅरिअर गाडीचं ॲव्हरेज किती खातं?

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे कॅरिअर बसवून घ्यायला गर्दी असते. मखराचं सामान, बॅगा, गावच्या घरासाठी घेतलेली चटई, आणि डिकीत तर आधीच जागा नसते. कॅरिअर त्यासाठीच असतं आणि ते आम्ही आनंदानं बसवतो. पण मार्च-एप्रिलमध्ये त्याच गाड्या रिकामं कॅरिअर घेऊन रोज ऑफिसला जाताना दिसतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं. हे पत्रक त्यासाठी आहे.

गाडी चालताना इंजिनाला मुख्यतः दोन गोष्टींशी झगडावं लागतं. एक टायरचा रस्त्याशी होणारा रोध आणि दुसरा हवेचा. टायरचा रोध वेग वाढला तरी फारसा वाढत नाही. हवेचा मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर रोध चौपट. साध्या हॅचबॅकचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. ताशी ४० किमीला हवेचा रोध साधारण ५ किलो वजन उचलण्याइतका येतो, ८० ला २१ किलोइतका आणि १०० ला ३३. टायरचा रोध या सगळ्या वेगांना १२ किलोच्या आसपासच राहतो. साठीच्या पुढे गेलात की तुमचं पेट्रोल मुख्यतः हवा बाजूला सारण्यात जळतं.

आता टपाकडे पाहा. बॉनेट आणि काचेवरून चढून आलेली हवा टपावर पोहोचते तेव्हा ती गाडीच्या वेगापेक्षाही जास्त वेगानं सरकत असते. नेमक्या त्या जागी आपण आडवे पाइप उभे करतो. प्रत्येक पाइपमागे हवा फाटते, भोवरे उठतात, आणि मागे कमी दाबाची पोकळी तयार होऊन ती गाडीला मागे ओढत राहते. ऐंशीच्या पुढे टपावरून येणारी शिट्टी ही त्या भोवऱ्यांचीच. गोल किंवा चौकोनी पाइपपेक्षा विमानाच्या पंखासारखा, मागे निमुळता होत जाणारा बार कमी रोध करतो आणि कमी वाजतो. तो महाग पडतो, पण हायवेवर वरचेवर जाणाऱ्यांना आम्ही तोच सुचवतो.

एका तरुण ग्राहकानं विचारलं होतं, जुन्या स्पोर्ट्स कारचे उघडझाप करणारे हेडलाइटही असंच करत असतील ना? अगदी तसंच. १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये ते हातानं दांडी फिरवून वर काढावे लागत. पुढे १९६२ ची लोटस एलान, १९८९ ची माझदा एमएक्स-५ अशा गाड्यांत ते आले. अमेरिकेत हेडलाइट जमिनीपासून किती उंच हवेत याचा नियम होता आणि डिझायनरला तर नाक खाली, निमुळतं हवं होतं. म्हणून दिवे दिवसा मिटलेले आणि रात्री वर. वर आले की हवेसमोर दोन फळ्या आडव्या धरल्यासारखं होई. पण ते फक्त अंधारात. तुमच्या कॅरिअरला मिटण्याची सोय नाही, ते चोवीस तास वरच असतं.

नुकसान किती? अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार टपावरच्या मोठ्या, बोजड पेटीमुळे शहरात इंधनाची कार्यक्षमता २ ते ८ टक्के घटते, हायवेवर ६ ते १७ टक्के, आणि ताशी १०५ ते १२० किमीला १० ते २५ टक्के. आपल्या प्रवासात बसवून पाहू. २० चं ॲव्हरेज देणारी गाडी मुंबईहून सावंतवाडीला जाऊन येऊन साधारण १,००० किमी करते, म्हणजे ५० लिटर. त्यात १० टक्के घट धरली तर साडेपाच लिटर जास्त. घरची माणसं आणि सामान एकाच गाडीतून जाणार असेल तर हा खर्च मुळीच जास्त नाही, बिनधास्त जा. आमचं म्हणणं उरलेल्या अकरा महिन्यांबद्दल आहे. रिकाम्या कॅरिअरचा रोध भरलेल्यापेक्षा कमी, पण तो रोजचा असतो.

सामान बांधताना थोडी काळजी घ्या. उंच रचण्यापेक्षा पसरून ठेवा, बुटक्या बॅगा पुढे, उंच मागे. ताडपत्री ताणून घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री हवा अडवते आणि दोरही सैल करते. जड वस्तू डिकीतच हव्यात, कारण टपावरच्या वजनानं वळणावर गाडी जास्त कलते. टपावर किती वजन चालेल ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि त्यात बहुधा कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, हे कृपया विसरू नका. आणि घाई नसेल तर शंभरऐवजी ऐंशीनं चला. वर काढलेल्या हिशेबात हवेचा रोध ३३ वरून २१ वर येतो, तो निव्वळ पाय थोडा सैल सोडल्यानं.

गावाहून परतलात की गाडी घेऊन या. आमच्याकडून बसवलेलं कॅरिअर आम्ही मोफत काढून देतो. त्याचे नट-क्लॅम्प गाडीचा नंबर लिहिलेल्या पिशवीत घालून सोबत देतो. ती पिशवी कॅरिअरलाच बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी बसवताना शोधावी लागणार नाही.